पंचनाम्याबाहेरचे धान्य

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर जी अतिवृष्टी कोसळली तिचे पंचनामे झाले. किती पीक गेले, किती जमीन खरवडली, किती जनावरे वाहून गेली यांची नोंद झाली. ती नोंद अपुरी होती, मदत तुटपुंजी होती, याविषयी बरेच बोलले गेले आणि बोलले जाणे आवश्यकही होते. परंतु पंचनाम्याच्या कागदाला एक रकाना मुळातच नसतो. पाण्यातून जे वाचले, चिखलातून जे उपसून काढले, ऊन पडेल तेथे पसरून जे वाळविले आणि अखेर पोत्यांत भरून घरात ठेवले, त्या धान्याचे पुढे काय झाले? ते खाण्याजोगे होते काय? हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शासनाच्या लेखी नुकसान शेतात होते, ताटात होत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील गाव. याच रस्त्याने पूर्वेस गेले की हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भिजलेल्या धान्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीय रीतीने कसे शोधावे हे या संस्थेच्या संशोधकांनी निदान दोनदा दाखवून दिले आहे. ती दोन्ही प्रकरणे आमच्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावीत अशी आहेत.

पहिले प्रकरण १९७४ सालचे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत त्या वर्षाच्या अखेरीस काविळीची विचित्र साथ आली. रुग्णांच्या पोटात पाणी होई आणि अनेक जण त्यातून उठले नाहीत. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. कावीळ म्हटली की दूषित पाणी, असे समजून प्रकरण मिटविता आले असते. परंतु पोषण संस्थेच्या संशोधकांनी घराघरांत जाऊन पाहिले, तेव्हा काही गोष्टी त्या समजुतीत बसेनात. आजार एकाच घरातील अनेकांना एकदम होत होता. त्याच घरचे उष्टे खाणारी कुत्रीही मरत होती. आणि आजारी घरांत मुख्य अन्न म्हणून खाल्ला जाणारा मका अवेळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला होता. मक्याची तपासणी झाली तेव्हा त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम निघाले. आज आपल्या देशात धान्यासाठी जी कायदेशीर मर्यादा आहे तिच्या हे प्रमाण चारशे ते हजार पट भरते.

दुसरे प्रकरण १९९५ सालचे आणि आपल्याला अधिक जवळचे. दख्खनच्या पठारावर, आंध्र व कर्नाटकातील सत्तावीस गावांत लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब यांचा त्रास एकाएकी सुरू झाला. येथेही कारण तेच, पावसात सापडलेली ज्वारी आणि मका. संशोधकांनी बाधित घरांतले धान्य नेऊन एक दिवसाच्या कोंबड्याच्या पिलांना खाऊ घातले. पिलांनाही जुलाब झाले. विष या वेळी वेगळे होते, फ्युमोनिसिन नावाचे. आजार आपोआप थांबणारा होता हे सुदैव. परंतु काळी पडलेली ज्वारी धुऊन, वाळवून, दळून भाकरी करणे ही गोष्ट मराठवाड्यातल्या कोणत्या गावाला अपरिचित आहे? खरिपाच्या संकरित ज्वारीची कणसे ऐन पावसात पक्व होऊ लागली तेव्हापासून काळी ज्वारी हा आपल्याकडचा रूढ शब्द आहे.

लोकशाही राज्यात शास्त्रज्ञाचे काम काय, याचा हा वस्तुपाठ होय. त्याने लोकांना घाबरवावयाचे नसते आणि मंत्र्यांना निर्धास्तही करावयाचे नसते. प्रत्येक काळा दाणा विषारी नसतो. बुरशीच्या कित्येक जाती निरुपद्रवी असतात. ज्वारीत अफ्लाटॉक्सिन मका आणि शेंगदाणा यांच्या मानाने कमी आढळते. उलट वरून स्वच्छ दिसणाऱ्या शेंगदाण्यातही ते असू शकते, आणि भाजल्याने वा भाकरी थापून तव्यावर टाकल्याने ते पुरते नष्ट होत नाही. मोंढ्यात आडत्या मूठभर धान्य तळहातावर घेतो, एखादा दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहतो आणि भाव सांगतो. ही परीक्षा भावाची आहे, आरोग्याची नव्हे. विष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर प्रयोगशाळा लागते आणि तज्ज्ञ लागतो.

हा तज्ज्ञ नेमके काय करतो? सामान्य समजूत अशी की तो नमुना तपासतो आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असा शेरा मारतो. प्रत्यक्षात त्याचे काम याहून अवघड आहे. प्रथम तो वस्तू मुळात घातक आहे काय हे ठरवितो. मग किती मात्रेने किती इजा होते हे प्राण्यांवरील प्रयोग आणि माणसांतील आजार यांवरून काढतो. कीटकनाशकासारख्या पदार्थाच्या बाबतीत ज्या मात्रेने प्राण्याला काहीच अपाय झाला नाही ती मात्रा घेऊन सामान्यतः तिला शंभराने भागतात. माणूस प्राण्यापेक्षा दहापट नाजूक असेल असे धरून दहा, आणि माणसामाणसांत लहान मूल, गर्भवती, आजारी असा फरक असतो म्हणून आणखी दहा. अफ्लाटॉक्सिन हे कर्करोग उत्पन्न करणारे असल्यामुळे त्याला अशी सुरक्षित मात्राच मानीत नाहीत. ते शक्य तितके कमी असावे एवढेच म्हणता येते. यानंतर तिसरा प्रश्न येतो, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे: लोक ते धान्य खातात किती?

घातकपणा वस्तूत असतो. जोखीम मात्र ती वस्तू कोण, किती आणि किती दिवस खातो यावर ठरते. ज्याच्या ताटात दोन भाज्या, दूध, फळ आणि एखादी पोळी असते त्याला धान्यातील विषाची जी मात्रा मिळते, तिच्या कितीतरी पट मात्रा तीन वेळा भाकरी आणि चटणी खाणाऱ्या शेतमजुराला मिळते. धान्य तेच, विष तेच, मर्यादा तीच. जोखीम मात्र वेगळी. सरासरी माणसाच्या आहारावरून काढलेला आकडा या मजुराला लागू पडत नाही, कारण सरासरी माणूस नावाचा कोणी जळकोटात राहात नाही.

हे आम्ही केवळ आवेशाने म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची तज्ज्ञांची एक संयुक्त समिती १९५६ पासून अन्नातील मिश्रके व विषारी द्रव्ये यांचे मूल्यमापन करीत आली आहे. तिचे सदस्य आपापल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत, व्यक्तिशः बसतात. १९९७ साली या समितीने अफ्लाटॉक्सिनचा हिशेब मांडला. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू ज्याच्या शरीरात ठाण मांडून आहे त्या माणसात हे विष यकृताचा कर्करोग उत्पन्न करण्याच्या बाबतीत सुमारे तीसपट अधिक प्रभावी ठरते, असे तिने दाखविले. मग तिने दोन कल्पित लोकसमूह घेतले. जेथे या विषाणूचे वाहक शंभरात एक आणि आहार युरोपसारखा, तेथे किलोमागे मर्यादा २० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली तर एक अब्ज लोकांमागे वर्षाला जेमतेम दोन कर्करोग टळतात. जेथे वाहक शंभरात पंचवीस आणि आहार धान्यप्रधान पौर्वात्य, तेथे त्याच बदलाने टळतात सुमारे तीनशे.

यातील विसंगती वाचकांनी नीट पाहावी. ज्या युरोपात कडक मर्यादेचा लाभ सर्वांत कमी, तेथे बहुतेक धान्यांसाठी आणि खाण्यास तयार शेंगदाण्यासाठी ती ४ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे ती पूर्वी ३० होती, आता धान्य-कडधान्यांसाठी १५ आहे. आपला शेंगदाणा युरोपात जावयाचा असेल तर तपासणीच्या दाखल्यावाचून जात नाही. येथल्या माणसाने खावयाच्या शेंगदाण्याला दाखला कोण मागतो? विज्ञान दोन्हीकडे एकच आहे. राखणदारी मात्र ज्याच्या हाती चलन आहे त्याच्या ताटाची होते.

म्हणून तज्ज्ञाचे स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ नीट करावयास हवा. तज्ज्ञ विक्रेत्यापासून स्वतंत्र हवा हे तर उघडच आहे. तो मंत्रालयापासूनही स्वतंत्र हवा. ब्रिटनमध्ये गाईंना मेंदूचा विकार होऊ लागला तेव्हा साऊथवुड समितीने १९८९ साली माणसाला धोका होण्याची शक्यता दूरची असल्याचा अभिप्राय दिला, पण हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील असेही बजाविले. शेतीमालाचा खप वाढविणे आणि खाणाऱ्याचे रक्षण करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच खात्याकडे होती. त्या खात्याने अभिप्रायाचे पहिले वाक्य घेतले आणि दुसरे विसरले. १९९० साली मंत्रिमहोदयांनी छायाचित्रकारांसमोर आपल्या लहान मुलीला गोमांसाचा बर्गर खाऊ घालण्याचा प्रयत्न केला. मार्च १९९६ मध्ये सरकारला माणसांतील रोगाचा या मांसाशी संबंध असण्याची शक्यता मान्य करावी लागली. त्या धक्क्यानंतर युरोपने जोखीम मोजणारे आणि निर्णय घेणारे वेगळे केले. २००२ साली स्थापन झालेले युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण हे त्याचेच फळ.

आपला अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्यावर या अनुभवाची छाया स्पष्ट दिसते. कायदा सांगतो की शास्त्रीय मंडळे स्वतंत्र शास्त्रज्ञांचीच असावीत; उद्योगाच्या आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींना चर्चेस बोलवावे, पण ते मंडळाचे सदस्य नव्हेत. झाले काय? शीतपेये आणि डबाबंद खाद्यपदार्थ बनविणाऱ्या बड्या कंपन्यांची माणसे या मंडळांवर सदस्य म्हणून जाऊन बसली. ज्याचा माल तोलावयाचा त्याच्याच हाती तराजू! शीतपेयांतील कीटकनाशकांचा प्रश्न दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २००३ साली उपस्थित केला होता आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने २००४ साली ते निष्कर्ष ग्राह्य मानले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाला २०११ चे वर्ष उजाडल्यावर, म्हणजे कायद्यानंतर पाच वर्षांनी, ही मंडळे कायद्याप्रमाणे नव्याने बनविण्यास सांगावे लागले. संसदेने स्वच्छ शब्दांत लिहिलेली गोष्ट अमलात आणण्यासाठी न्यायालयात जावे लागते, यावरून उद्योगपतींचा हात किती लांब पोहोचतो हे कळते.

परंतु कंपन्यांची माणसे बाहेर काढली म्हणजे स्वातंत्र्य आले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तज्ज्ञ कितीही सचोटीचा असो, त्याच्यापुढे जी माहिती ठेवाल तीवरच तो मत देणार. आणि येथे आपण मूळ प्रश्नाकडे परत येतो. लोक काय आणि किती खातात याची माहिती कोणाजवळ आहे? १९७२ साली, म्हणजे महाराष्ट्र रेशनवरची मिलो खात होता त्या काळात, हैदराबादच्या पोषण संस्थेत राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरो स्थापन झाला. त्याचे कर्मचारी खेड्यांतील घरांत जाऊन शिजवावयाचे धान्य, डाळ, भाजी प्रत्यक्ष तोलून पाहात. महाराष्ट्र हे त्याच्या पाहणीतील एक राज्य होते. गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचणारी ही सरकारी तागडी २०१५ साली बंद करण्यात आली. अन्न सुरक्षा कायद्याचे कलम १६ प्राधिकरणाला लोकांच्या आहाराची आणि त्यातून होणाऱ्या विषबाधेच्या जोखमीची माहिती गोळा करावयास सांगते. एकीकडे कायदा माहिती मागतो, दुसरीकडे माहिती गोळा करणारी यंत्रणा शासन स्वतः मोडते. अशा स्थितीत जो तज्ज्ञ ‘सरासरी आहार’ धरून गणित करतो तो लाचखाऊ नसतो, पक्षपातीही नसतो. तरी त्याच्या गणितातून शेतमजूर निसटतो.

कायद्याची आणखी एक गोम सांगितली पाहिजे. शेतकरी आणि त्याचे शेतावरील उत्पन्न यांना हा कायदा लागू नाही. लहान शेतकऱ्याच्या मागे निरीक्षकांचा ससेमिरा लागू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे आणि तो बदलावा असे आम्ही म्हणणार नाही. पण याचा अर्थ असा की घरच्या कणगीतले धान्य आणि मजुरीपोटी घातलेले धान्य कोणत्याही प्रयोगशाळेच्या वाटेला जात नाही. चांगला माल मोंढ्यावर जातो, भिजलेला घरी राहतो किंवा मजुराच्या पदरात पडतो. हा नियम कोणी केलेला नाही. बाजाराने तो केला आहे.

काळ्या ज्वारीची शासनाला आठवण झालीच नाही असे मात्र नव्हे. २००७ साली राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले, तेव्हा पावसाने काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळावा हे त्याचे एक समर्थन होते. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्या धोरणाला विरोध केला होता. ज्वारी बाटलीत जाणार म्हटल्यावर तिची चिंता मंत्रालयापर्यंत पोहोचली. ती भाकरीत जात होती तोवर पोहोचली नव्हती.

मर्यादा अधिक कडक करा, एवढी मागणी करून आमचे समाधान होणार नाही, याचे कारणही यातच आहे. धान्य वाळविण्यास ओटा नाही, साठविण्यास कोरडी जागा नाही, ओलावा मोजण्याचे यंत्र गावात नाही, अशा ठिकाणी नुसता कडक नियम आला तर त्याचा लाभ पाकीटबंद माल विकणाऱ्या बड्या व्यापाऱ्याला होईल आणि भुर्दंड कोरडवाहू शेतकऱ्याला बसेल. धान्याचा ओलावा वेळीच बारा टक्क्यांच्या आसपास आणला तर बुरशीला वाव राहात नाही; शेंगदाण्यातील खराब दाणे निवडून काढले तर विषाचा मोठा भाग निघून जातो. हे काम फार खर्चाचे नाही, पण ते कोणीतरी गावापर्यंत न्यावे लागते. आणि जे धान्य खाण्यास अयोग्य ठरेल त्याच्या बदल्यात दुसरे धान्य द्यावे लागते. १९७४ साली बुरशीचा मका खाणाऱ्यांना तो खराब दिसत नव्हता असे नाही. त्यांच्या घरात दुसरे काही नव्हते. ‘हे खाऊ नका’ असे सांगणारा तज्ज्ञ आणि ‘त्याऐवजी हे घ्या’ असे सांगणारे शासन, यांपैकी एकच जागेवर असेल तर तज्ज्ञाचा सल्ला ही क्रूर थट्टा होते.

येथे तज्ज्ञाची आणि राज्यकर्त्याची जबाबदारी वेगळी करावी लागते. एक अब्ज लोकांमागे दोन कर्करोग की तीनशे, हे तज्ज्ञाने सांगावयाचे. तीनशे माणसे वाचविण्यासाठी किती खर्च करावयाचा, हे मात्र लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याने ठरवावयाचे आणि त्याचे उत्तर विधानसभेत नि लोकसभेत द्यावयाचे. ‘तज्ज्ञांनी सुरक्षित म्हटले आहे’ या वाक्याआड लपण्याची जी सोय राज्यकर्त्यांनी करून ठेवली आहे ती मोडून काढली पाहिजे. त्यासाठी साधन कायद्यातच आहे. शास्त्रीय मंडळांची मते स्वीकृत होताच प्रसिद्ध करावीत आणि सदस्यांनी आपल्या हितसंबंधांची दरवर्षी दिलेली निवेदनेही जाहीर करावीत, असे कलम १६ सांगते. ती जाहीर होतात की नाही, होतात तर ती सामान्य माणसाला कळतील अशी मराठीत का नाहीत, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारले पाहिजे.

जिल्ह्यातील साथींनी येत्या ग्रामसभांत ठराव करताना तीन गोष्टी एकत्र मांडाव्यात. अतिवृष्टीच्या पंचनाम्याबरोबरच साठवलेल्या धान्याचे नमुने कृषी व आरोग्य विभागांनी घ्यावेत. नमुने घेताना मोठ्या खातेदाराच्या गोदामाइतकेच भूमिहीनाच्या घरातले पोतेही उघडावे. आणि बंद पडलेली आहार पाहणी पुन्हा सुरू करून तीत कोरडवाहू भागातील मजूर कुटुंबे स्वतंत्रपणे मोजावीत. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला पाठवावी, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

रेशन दुकानातून वा किराणा दुकानातून घेतलेल्या धान्याविषयी शंका असेल तर ग्रामसभेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. याच कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक शुल्क भरून आपण विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र नमुना तपासणीसाठी घेत असल्याचे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावे लागते. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि माल कायद्याविरुद्ध निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते.